साठ मायक्रोसेकंदांचा काटा

एचएक्स ७११ या चिपला किलो कळत नाही. लोड सेल म्हणजे भाराचे व्होल्टेज करणारा भाग; त्याच्यातून आलेले काही मिलिव्होल्ट तिला कळतात. त्यांचा ती चोवीस बिटांचा एक आकडा तयार करते आणि जो नीट मागेल त्याला तो दोन तारांवरून देते. नीट मागण्याचे हे काम ज्या प्रोग्रामकडे असते तो ड्रायव्हर. बहुतेक जण तो एका ओळीत आपल्या प्रोग्रामला जोडतात, स्क्रीनवर आकडा हलताना दिसला की समाधान मानतात आणि पुढच्या कामाला लागतात. त्यात वावगे काही नाही, कारण ड्रायव्हर असतो तो त्याचसाठी. वजनाच्या बाबतीत मात्र गोष्ट जरा वेगळी पडते. चुकलेला आकडाही आकड्यासारखाच दिसतो, आणि तो मागून घेताना ड्रायव्हरने कोणकोणते निर्णय परस्पर घेऊन टाकले, हे त्या आकड्यावर कुठेही लिहिलेले नसते.

या चिपशी माझा संबंध आला तो केळीमुळे. रावेर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याकडे, माझ्या मामांचा केळीचा मळा आहे. ग्रँड नैन जातीची टिश्यू कल्चरची रोपे, ठिबकावर पाणी, आणि शेजारशेजारच्या दोन तुकड्यांत पाण्याच्या वेळा व खताचे हप्ते मुद्दाम वेगळे ठेवलेले. कोणत्या तुकड्यातला घड किती भरतो हे मामांना झाडागणिक हवे होते. व्यापारी माल उचलतो तेव्हा वजन होते ते एकत्र मालाचे. भाव रावेर आणि बऱ्हाणपूरच्या बाजाराकडे पाहून क्विंटलवर ठरतो, आणि हाती येते ती एकूण वजनाची पावती. त्या पावतीवरून कोणत्या ओळीतल्या झाडाने काय दिले ते कळायला मार्ग नाही. म्हणून बांधावर एक लोखंडी चौकट उभी केली, तिला ५० किलो क्षमतेचा एस आकाराचा लोड सेल टांगला, त्याखाली हुक लावला आणि बाजूच्या डब्यात एचएक्स ७११ चे छोटे बोर्ड व रास्पबेरी पाय हा एक छोटा संगणक बसवला. हा काटा विक्रीसाठी नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. व्यापारात वापरायच्या काट्याची वैध मापन शास्त्र अधिनियम, २००९ नुसार पडताळणी होऊन त्यावर मुद्रा उमटावी लागते. आमचा काटा फक्त घरच्या नोंदीपुरता आहे. तरी मापात पाप नको, हा मामांचा आग्रह घरच्या नोंदीलाही लागू होता.

लोड सेलच्या आत धातूच्या ठोकळ्यावर स्ट्रेन गेज चिकटवलेले असतात. भार पडला की ठोकळा डोळ्यांना दिसणार नाही इतका वाकतो आणि चार रोधांच्या पुलाचा समतोल किंचित बिघडतो. आमचा सेल दर व्होल्टला २ मिलिव्होल्ट देणारा आहे, म्हणजे ५ व्होल्ट पुरवठ्यावर पूर्ण ५० किलोला फक्त १० मिलिव्होल्ट. एवढ्याशा व्होल्टेजमधून घडातला फरक काढायचा, म्हणून एचएक्स ७११ ते आधी १२८ पट वाढवते आणि मग मोजते. १२८ पटीवर तिचा पल्ला अधिक-उणे साधारण २० मिलिव्होल्टचा, आणि तो चोवीस बिटांत, म्हणजे १ कोटी ६७ लाखांहून अधिक पायऱ्यांत विभागलेला. हिशेब केला तर आमच्या सेलवर एका ग्रॅमला सुमारे ८६ पायऱ्या पडतात. पहिल्यांदा हे गणित मांडणारा माणूस हरखून जातो. पण डेटाशीटच्याच, म्हणजे चिपच्या माहितीपत्रकाच्याच, मते सेकंदाला १० रीडिंगच्या गतीवर चिपचा स्वतःचा गोंगाट, म्हणजे भार न बदलताही होणारी आकड्याची थरथर, ५० नॅनोव्होल्ट आहे, म्हणजे वीस-एकवीस पायऱ्या. चोवीस बिटांपैकी शेवटचे चार-पाच बिट गोंगाटातच जातात आणि हाती उरते ती पाव ग्रॅमच्या आसपासची अचूकता. वीस-बावीस किलोच्या घडाला, ज्याच्या दांड्याचा काप दोन बोटे वर घेतला की त्याहून कितीतरी जास्त फरक पडतो, ती पुरून उरते. ‘चोवीस बिट’ हे शब्द खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले असतात, त्यांना तेवढेच महत्त्व द्यावे.

चिपशी बोलायची रीत साधी आहे, आणि साधी असल्यामुळेच ती फसवी आहे. तिच्यात आय-टू-सी किंवा एसपीआय या चिपांच्या ठरलेल्या संभाषणपद्धती नाहीत, पत्ता नाही, रजिस्टर नाही. एक डेटाची पिन आणि एक क्लॉकची पिन. रूपांतर, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करण्याचे काम, चालू असेपर्यंत डेटाची पिन वर, म्हणजे ‘एक’ दाखवणाऱ्या व्होल्टेजवर, राहते. आकडा तयार झाला की ती खाली येते. मग मागणाऱ्याने क्लॉकची पिन एकदा वर आणि एकदा खाली करायची, की सर्वांत मोठा बिट बाहेर येतो. हा एक पल्स. असे चोवीस वेळा. त्यानंतर आणखी एक, दोन किंवा तीन पल्स द्यायचे असतात आणि त्या संख्येवर पुढचे सेटिंग ठरते. चिपला ए आणि बी अशी दोन चॅनेल, म्हणजे व्होल्टेज आत घेण्याच्या दोन वाटा, आहेत. एकूण २५ पल्स दिले तर ए चॅनेल १२८ पटीवर, २६ दिले तर बी चॅनेल ३२ पटीवर, आणि २७ दिले तर ए चॅनेल ६४ पटीवर. हे सेटिंग आता वाचलेल्या आकड्याचे नसून पुढच्या आकड्याचे असते. त्यामुळे एखाद्याने पट १२८ वरून ६४ केली आणि लगेच आलेले रीडिंग ६४ चे समजले तर ते निम्मे नसून पूर्वीचेच असते. शिवाय पट किंवा चॅनेल बदलल्यावर चिपला स्थिरावायला चार रूपांतरांचा वेळ लागतो, १० च्या गतीवर ४०० मिलिसेकंद. चांगला ड्रायव्हर हे सगळे पोटात घालतो: पट बदलली की मधला आकडा वाचून टाकून देतो, डेटाची पिन खाली येईपर्यंत थांबतो, आणि मगच मागितलेला आकडा हातात ठेवतो.

आणि मग तो साठ मायक्रोसेकंदांचा नियम. चिपला वेगळी बंद करायची पिन नाही, म्हणून क्लॉकच्या पिनेलाच ते जादा काम दिलेले आहे. क्लॉक ६० मायक्रोसेकंदांहून जास्त वेळ वर राहिला की चिप समजते, आपल्याला झोपायला सांगितले आहे. क्लॉक पुन्हा खाली आला की ती जागी होते, स्वतःला रीसेट करते, ए चॅनेल आणि १२८ पट या मूळ अवस्थेत येते आणि नवा आकडा तयार होईपर्यंत डेटाची पिन वर धरून बसते. एका पिनेची बचत म्हणून ही युक्ती नक्कीच हुशारीची आहे. पण तिचा भुर्दंड सगळा ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या माथी येतो, आणि त्याने तो भरला नाही तर वापरणाऱ्याच्या.

आमची चौकट उभी राहिली तेव्हा डब्यातल्या रास्पबेरी पायवर पायथनमध्ये लिहिलेला एक छोटा प्रोग्राम ही मागणी करत होता. अशा प्रोग्रामांची कमतरता नाही आणि बराच वेळ ते उत्तम चालतात. मोकळ्या हुकाचा आकडा स्थिर, मुद्रांकित वजन लावले की बरोबर तेवढीच वाढ, घड लावला की घडाचे वजन. मध्येच एखादे रीडिंग मात्र भलतेच येई. मामांनी वही पुढे करून विचारले, “भाऊ, हा घड एक्कावन्न नंबरच्या झाडाचा. सकाळी एकवीस किलो दाखवे, अन् मधेच अठ्ठेचाळीस कसा काय?” अठ्ठेचाळीस किलोचा घड लागला असता तर मामांनी मिरवणूक काढली असती.

त्या आकड्याला किलोत पाहून काही उमगत नाही. बिटांत पाहिले की सगळे उघड होते. मोकळ्या हुकाचा आकडा शून्य धरला तर २१ किलोच्या घडाचा आकडा १८ लाख ४ हजारांच्या आसपास येतो. बिटांमध्ये त्याची सुरुवात तीन शून्यांनी होते आणि पुढे एक-एक-शून्य-एक-एक असा क्रम लागतो. भलत्या रीडिंगची सुरुवात दोन शून्यांनी होत होती, आणि त्यापुढे शेवटपर्यंत नुसते एकच एक. म्हणजे पहिले दोन बिट खरे आले, तिसऱ्या पल्सच्या वेळी क्लॉक वर असताना रास्पबेरी पाय चालवणाऱ्या लिनक्सने त्या प्रोग्रामच्या हातून प्रोसेसर काढून दुसऱ्या कामाला दिला, साठ मायक्रोसेकंद उलटून गेले, आणि प्रोग्राम परतला तोवर चिप झोपून, उठून, डेटाची पिन वर धरून बसली होती. प्रोग्रामला यातले काहीच ठाऊक नव्हते. तो राहिलेले पल्स देत गेला आणि वर असलेली पिन प्रत्येक वेळी ‘एक’ म्हणून वाचत गेला. दोन शून्ये आणि बावीस एक, हा आकडा ४१,९४,३०३. आमच्या सेलवर ४८ किलो ८२८ ग्रॅम.

हे उदाहरण ढोबळ असल्यामुळे निदान लक्षात तरी येते. खरी भीती मला वाटते ती मागच्या बिटांवर तुटणाऱ्या रीडिंगची. तोच २१ किलोचा घड घेऊ. आठ बिट खरे येऊन पुढचे सगळे एक झाले तर काटा २१ किलो ३६२ ग्रॅम दाखवतो. बारा बिट खरे आले तर २१ किलो २९ ग्रॅम. हे दोन्ही आकडे वहीत बिनबोभाट बसतात. कोणाला शंका यायचे कारणच नाही, कारण घडाघडांत एवढा फरक असतोच. आणि एक गोष्ट अशी, की पहिला बिट शाबूत असेल तर ही चूक नेहमी वरच्याच बाजूला जाते, कारण तुटलेल्या जागी शून्य कधीच भरले जात नाही, भरला जातो तो एक. गोंगाटाची चूक दोन्ही बाजूंना होते, म्हणून सरासरी काढली की ती बरीचशी मिटते. ही चूक सरासरीने मिटत नाही, उलट सरासरीच्या आत जाऊन बसते. दहा रीडिंगांत एक ४८ किलोचे घुसले तर २१ चा घड पावणेचोवीस किलोच्याही पुढे जातो. शेतकऱ्याच्या बाजूने झुकणारा काटा म्हणून मामांना तो आवडलाही असता, पण दोन तुकड्यांची तुलना करायची तर त्याचा पासंग कोणत्या तुकड्याच्या पारड्यात किती पडला ते सांगता येत नाही.

यावर सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे सरासरीऐवजी मध्यक घ्या: दहा-पंधरा रीडिंग चढत्या क्रमाने लावा आणि मधले उचला. भलते रीडिंग टोकाला जाऊन पडते आणि आपोआप गळते. उपाय चालतो, आणि झुलणाऱ्या घडासाठी मी तो ठेवलेलाही आहे. तरीही तो पहिला उपाय असू नये असे माझे स्पष्ट मत आहे. मध्यक घेतला की आकडे शांत दिसू लागतात आणि मुळात मागण्याच्या रीतीत दोष आहे ही गोष्ट कायमची झाकली जाते. पुढे कधी त्याच रास्पबेरी पायवर कॅमेरा जोडला, कामाचा बोजा वाढला, पाचांत दोन रीडिंग तुटू लागली, तर तो मध्यक कधी दगा देईल याचा अंदाज करायला आपल्याजवळ काहीही उरत नाही. गाळणी लावायचीच असेल तर आधी गळते कुठे ते बंद करून मग लावावी.

गळती बंद करण्याची जागा ड्रायव्हरमध्ये आहे, आणि लिनक्समध्ये तो ड्रायव्हर कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, आत तयार मिळतो. मोजमापाच्या चिपांसाठी कर्नलमध्ये इंडस्ट्रियल आय-ओ नावाचा एक विभाग आहे. जोनाथन कॅमेरॉन यांनी सुरू केलेला हा विभाग २००९ पासून मुख्य कर्नलमध्ये आहे, आणि एचएक्स ७११ चा ड्रायव्हर त्यातच बसतो. डिव्हाइस ट्री या जोडलेल्या भागांच्या यादीत क्लॉक आणि डेटाच्या पिनांची व पुरवठ्याच्या व्होल्टेजची नोंद केली, की चॅनेलचा कच्चा आकडा देणारी फाइल आणि प्रत्येक पायरीचे मोल सांगणारी फाइल अशा दोन साध्या मजकुराच्या फाइली समोर येतात. त्या वाचायला पायथन असो की शेलची एक ओळ असो, फरक पडत नाही, कारण वेळेशी बांधलेले काम आता त्यांच्याकडे राहिलेलेच नाही. कर्नलमधला ड्रायव्हर प्रत्येक पल्सपुरते त्या प्रोसेसरचे इंटरप्ट, म्हणजे हातातले काम थांबवणारे संकेत, बंद करतो, क्लॉक वर नेतो, खाली आणतो आणि इंटरप्ट पुन्हा चालू करतो. ही काटकसर मला फार आवडते. चोवीसही पल्स होईपर्यंत यंत्र अडवून धरायची गरज नाही, कारण धोका आहे तो क्लॉक वर असतानाच. क्लॉक खाली असताना चिप झोपी जात नाही. म्हणून अडवायचे ते पल्सच्या वरच्या अर्ध्यापुरते, काही मायक्रोसेकंद, आणि मग बाकीच्या कामांना वाट मोकळी. तसे का केले आहे ते सांगणारी टिप्पणीही ड्रायव्हरच्या मूळ संहितेत तिथेच आहे: क्लॉक वर असताना ६० मायक्रोसेकंदांहून जास्त व्यत्यय आला तर चिप रीसेट होते आणि माप खोटे ठरते. ज्याने ती ओळ लिहिली त्याने कधीतरी अठ्ठेचाळीस किलोचा घड पाहिलेला असणार.

आर्डुइनो या छोट्या नियंत्रक बोर्डासाठी सर्रास वापरली जाणारी ड्रायव्हरची लायब्ररीही याच कारणाने वाचनाच्या वेळी इंटरप्ट रोखते. तिथे मात्र दुसरी एक बाब ध्यानात घ्यावी लागते. मळ्यात तारा कुरतडायला उंदीर आहेत, खारी आहेत, आणि शिडी ओढत नेणारी माणसे आहेत. डेटाची तार तुटली तर त्या लायब्ररीच्या हिशेबाने चिप ‘अजून तयार नाही’ अशी दिसते, आणि तयार होईपर्यंत थांबायचे हा तिचा नेहमीचा शिरस्ता असल्यामुळे प्रोग्राम तिथेच थांबून राहतो. स्क्रीनवर शेवटचे वजन तसेच गोठलेले. कर्नलचा ड्रायव्हर साधारण सेकंदभर वाट पाहतो आणि मग इनपुट-आउटपुट एरर देऊन मोकळा होतो. याउलट डेटाची तार जमिनीला, म्हणजे सर्किटच्या शून्य व्होल्टच्या तारेला, चिकटली तर चिप सदैव तयार आणि आकडा सदैव सगळे शून्य. बाजार समितीतला मापाडी काटा अडकला तर ‘अडकला’ म्हणून ओरडतो, अंदाजाने आकडा पुकारत नाही, आणि पुकारल्यावाचून गप्पही उभा राहत नाही. ड्रायव्हरकडून माझी अपेक्षा तेवढीच आहे. म्हणून कोणताही नवा ड्रायव्हर हाती आला की मी आधी वजन लावत नाही. आधी डेटाची तार उपसतो आणि तो काय म्हणतो ते पाहतो, मग ती जमिनीला लावतो आणि पुन्हा पाहतो. वजन लावायची पाळी त्यानंतर.

एकाच चिपचे दोन ड्रायव्हर एकच आकडा देतील असेही धरून चालू नये. चिप आपला आकडा टूज कॉम्प्लिमेंट पद्धतीने देते, म्हणजे मध्यावर शून्य आणि दोन्ही बाजूंना अधिक व उणे. आर्डुइनोची लायब्ररी तो तसाच चिन्हासह परत करते. कर्नलचा ड्रायव्हर सर्वांत वरचा बिट उलटवून देतो, त्यामुळे उणे आकडा उरतच नाही आणि चिपचे शून्य ८३,८८,६०८ या आकड्यावर जाऊन बसते. दोन्ही रीती आपापल्या जागी बरोबर आहेत. पण एकीवरून दुसरीकडे जाताना जुन्या मोकळ्या हुकाचा आकडा आणि जुना गुणक, म्हणजे पायऱ्यांवरून वजन काढायचा आकडा, तसाच उचलून नेला, तर गुणक चालतो आणि शून्य चालत नाही. तसेच पल्ल्याबाहेर गेल्याची खूण. भार फार झाला की चिप कमाल आकड्यावर अडकून राहते. कर्नलच्या रीतीत तो आकडा १,६७,७७,२१५, आणि उलट्या बाजूला शून्य. ड्रायव्हर हे दोन्ही आकडे इतर आकड्यांसारखेच देतो. ते वजन नव्हेत, चिपची ओरड आहे, हे ओळखणे वापरणाऱ्याच्या प्रोग्रामवर सोडलेले आहे, आणि तिथे एका ओळीची अट घालायला आळस करू नये.

पायरीचे मोल सांगणारी फाइल व्होल्टेजमध्ये बोलते, आणि ते मोल डिव्हाइस ट्रीमध्ये नोंदवलेल्या पुरवठ्यावरून काढलेले असते. आपण ५ व्होल्ट लिहिले आणि बोर्डावरच्या रेग्युलेटरने प्रत्यक्षात त्याहून कमी दिले, तर ते मिलिव्होल्ट खोटे ठरतात. वजनाला त्याने काही बिघडत नाही, आणि ही या मांडणीतली मला सर्वांत सुंदर वाटणारी बाब आहे. लोड सेलला पुरवठा ज्या व्होल्टेजचा, त्याच व्होल्टेजच्या मापाने चिप मोजते. पुरवठा घसरला की सेलचे मिलिव्होल्ट घसरतात आणि चिपचा पल्लाही त्याच प्रमाणात आखडतो. भागाकारात दोन्ही छेदले जातात. २ मिलिव्होल्ट गुणिले १२८, म्हणजे ०.२५६, पूर्ण भाराला एकूण पायऱ्यांच्या साधारण पाव हिस्सा, ४२,९४,९६७ पायऱ्या, पुरवठा ५ असो की ४. शेतातल्या फीडरवर दाब कमीजास्त होत राहतो आणि शेजारच्या मोटरचा स्टार्टर पडला की दिवा मिचकावतो, अशा ठिकाणी ही गोष्ट फार मोलाची. म्हणून वजनासाठी मी मिलिव्होल्टच्या वाटेला जातच नाही. कच्चा आकडा, मोकळ्या हुकाचा आकडा आणि मुद्रांकित वजनांवरून काढलेला गुणक, एवढ्यावर काम भागते.

तो गुणक काढण्यात ड्रायव्हरचा काही भाग नाही, आणि नसावाही. २० किलोचे एक आणि ५ किलोचे एक अशी दोन मुद्रांकित वजने आम्ही आळीपाळीने आणि एकत्र लावतो, म्हणजे ५, २० आणि २५ अशा तीन ठिकाणी सरळ रेषा तपासता येते. गुणक एकदा नीट काढला की मोसमभर फारसा हलत नाही. हलते ते शून्य. सकाळी लवकर कापणी सुरू होते तेव्हा चौकट हाताला गार लागते. दुपारी बारानंतर, एप्रिल-मे महिन्यांत पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर गेला की तिला हात लावता येत नाही. लोड सेलच्या माहितीपत्रकात तापमानाबरोबर शून्य किती सरकते ते पूर्ण क्षमतेच्या शतांश टक्क्यांत लिहिलेले असते, आणि ते वाचून फरक क्षुल्लक वाटतो. ५० किलोच्या शतांश टक्क्याचे ५ ग्रॅम होतात, हे मांडले की तो क्षुल्लक राहत नाही. आम्ही चौकटीवर तुराट्यांचे छप्पर घातले. त्याने जे साधले ते सॉफ्टवेअरने साधले नसते.

दुसरे म्हणजे चीक. कापलेल्या दांड्यातून गळणारा केळीचा चीक हुकावर, दोरीवर, माणसांच्या सदऱ्यांवर सगळीकडे लागतो, वाळतो आणि काळा पडतो. हुकावर दिवसभरात त्याचा थर चढतो, सालपटाचे तुकडे अडकतात, आणि मोकळ्या हुकाचे वजन हळूहळू वाढत जाते. हे पाहून एका परिचिताने सुचवले की हुक मोकळा आहे असे वाटले की ड्रायव्हरनेच शून्य परस्पर जुळवून घ्यावे. बाजारातले बरेच काटे तसे करतातच. मला ते पटले नाही. ड्रायव्हरने चिपकडून आकडा नीट मागून आणावा आणि जसा आला तसा द्यावा. हुक मोकळा आहे की त्यावर एखादी फणी लटकून राहिली आहे, हे ठरवायला त्याच्याजवळ कोणतेच साधन नाही. शून्य जुळवायचे बटण आमच्याकडे डब्याच्या बाहेर आहे. वजन लावणारा माणूस हुक पुसतो, तो मोकळा असल्याचे डोळ्यांनी पाहतो आणि बटण दाबतो, आणि त्या क्षणाचा कच्चा आकडा वेळेसह फाइलमध्ये जातो. चिकामुळे शून्य किती चढले आणि उन्हामुळे किती, हे संध्याकाळी त्या नोंदींवरून पुष्कळसे वेगळे काढता येते. आपोआप शून्य करणाऱ्या काट्यात ही माहिती जन्मतःच पुसली गेली असती.

फाइलमध्ये किलोबरोबर कच्चा आकडा, त्या वेळची पट आणि ड्रायव्हरने दिलेली एरर, तिन्ही लिहायची पद्धत मी पाडली आहे. पटीची नोंद अनावश्यक वाटेल, कारण आम्ही १२८ सोडून दुसरे काही वापरत नाही. पण ६४ वापरणाऱ्याने हा रकाना मुळीच गाळू नये. रीसेट झाल्यावर चिप आपणहून १२८ वर येते, आणि ही गोष्ट ड्रायव्हरने ध्यानात घेतली नसेल तर पुढचे रीडिंग दुप्पट येते. तुटलेले नाही, बिटांत कसलीही खोट नाही, नुसते दुप्पट. कर्नलचा ड्रायव्हर रीसेटनंतर एक आकडा वाचून फेकतो तो याचसाठी: त्या फेकलेल्या वाचनाच्या शेवटच्या पल्सांनी पट पुन्हा हवी तिथे आणून ठेवायची असते.

सध्या अडचण आहे ती झुलण्याची. दोन माणसे घड हुकाला लावून बाजूला होतात तेव्हा तो काही वेळ झोके घेत राहतो, आणि १० च्या गतीवर एका झोक्यात मोजकीच रीडिंग पडतात. चिपच्या रेट पिनेला वर ओढले तर ती सेकंदाला ८० रीडिंग देते. गोंगाट ५० वरून ९० नॅनोव्होल्टवर जातो, म्हणजे पाव ग्रॅमऐवजी अर्धा ग्रॅम, आणि स्थिरावायचा वेळ ४०० वरून ५० मिलिसेकंदांवर येतो. घडासाठी हा सौदा फायद्याचा आहे. मात्र आमच्या बोर्डावर ती पिन जमिनीला जोडलेली आहे, आणि तिथला तांब्याचा पट्टा भिंगाखाली कापून, केसाएवढ्या तारेने पिन पुरवठ्याला जोडावी लागेल. मामा म्हणतात, कापणी संपू दे, मग काय कापायचे ते काप.